गोपाळकृष्णांचं रिकामं पोट

गोपाळकृष्ण आगाश्यांच्या पित्ताशयात खडे होते आणि ते काढायची त्यांची मुळीच तयारी नव्हती, हे कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. तारीख ठरली की काहीतरी निघायचंच. एकदा गणपती आले, एकदा पितृपक्ष लागला, आणि एकदा तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची सफाई निघाली, जी म्हणे त्यांच्या देखरेखीशिवाय होणंच शक्य नव्हतं. माणूस तब्येतीने दणदणीत, वजनकाटा दिसला की पलीकडच्या फुटपाथने जाणारा. डॉक्टरांनी तेलकट बंद केलं तेव्हापासून ते रोज संध्याकाळी नियमाने फिरायला जायचे आणि चौकातल्या भज्यांचा वास शर्टाला घेऊन परत यायचे. विचारलं की म्हणायचे, "गर्दीत उभा होतो."

शेवटी सर्जननी स्पष्ट सांगितलं की पुढच्या खेपेला खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, आणि मग तारीख तुम्हाला विचारून ठरवणार नाही. हे ऐकून पत्नी आनंदीबाई तिथेच रडायला लागल्या. बायकोचं रडणं पाहून गोपाळकृष्ण विरघळले आणि हो म्हणाले. इतकंच नाही, तर या वेळी सगळं अगदी डॉक्टरांच्या शब्दाप्रमाणे करायचं, असं त्यांनी मनोमन ठरवलं. ठरवलं ते खरंच ठरवलं, पण आजवरची कारकीर्द अशी, की त्यावर विश्वास कोण ठेवणार?

रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही आणि सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आनंदीबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली. सकाळी त्या कागदपत्रांची फाइल घेऊन रिक्षाने पुढे गेल्या. मागून मुलगा सलिल वडिलांना गाडीतून घेऊन आला. सलिल हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने सुट्टी काढली होती, म्हणजे लॅपटॉप ऑफिसात न उघडता हॉस्पिटलात उघडला होता.

भूल देणाऱ्या डॉक्टर सुरुची तरुण होत्या आणि हसतमुख होत्या. काल रात्रीपासून काही खाल्लं का, असं त्यांनी विचारलं. "अन्नाचा कण नाही," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलत असल्यामुळे त्यांना स्वतःचा जरा अभिमानही वाटला. तरीही सुरुचीबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र खाटेशी ओढलं. गोपाळकृष्ण म्हणाले, खडे बघून झालेत आमचे. त्यावर डॉक्टरांनी समजावलं की खडे नाही, जठर बघायचंय. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. वजनदार मंडळींच्या बाबतीत नुसत्या अंदाजावर राहणं बरं नाही, म्हणून इथे आत डोकावून खात्री करून घेतात.

गोपाळकृष्णांना उजव्या कुशीवर वळवायला नर्स कमी पडल्या, म्हणून सलिलने हातभार लावला. सुरुचीबाईंनी पोटावर गार जेल लावलं, यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी यंत्र पुन्हा फिरवलं.

"काका, पोट भरलेलं आहे."

"शक्य नाही."

"हे बघा, इथे. घट्ट काहीतरी आहे, आणि बरंच आहे."

पडद्यावर ढगाळ हवामानासारखं काहीतरी दिसत होतं. गोपाळकृष्णांनी आ वासून बघितलं. एवढ्यात फाइलचं काम उरकून आनंदीबाई आत आल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यापुढे ऑपरेशन परवडलं.

"कुठे खाल्लंत?"

"अगं, कुठेच नाही."

आनंदीबाईंनी मोर्चा सलिलकडे वळवला. गाडी वाटेत कुठे थांबली होती का? सलिल चाचरला. ऑफिसचा कॉल आला होता, म्हणून कर्वे रोडला गाडी बाजूला घेऊन तो खाली उतरून बोलत होता, बाबा गाडीतच होते. शेजारी वडापावची गाडी होती का? असेल बहुतेक, तो म्हणाला, त्याचं लक्ष नव्हतं. झालं. आनंदीबाई मटकन स्टुलावर बसल्या. ऑपरेशन चुकवायला मुद्दाम खाल्लं यांनी, यांना जिवाची पर्वा नाही आणि माझी तर नाहीच नाही, असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

गोपाळकृष्णांना भयंकर लागलं. आजवर कितीतरी वेळा ते खोटं बोलले आणि खपून गेलं. आज खरं बोलत होते, तर बायको, मुलगा आणि ते यंत्र, तिघंही एका बाजूला. ते शपथा घ्यायला लागले. आईची घेतली, सलिलची घेतली. सलिल म्हणाला, "बाबा, चिल. खाल्लं असेल तर सांगून टाका, आपण रीशेड्यूल करू." या समजूतदारपणाने तर त्यांना रडूच यायला लागलं. मग त्यांच्या मनात आलं, आपण झोपेत तर खाल्लं नसेल? पण स्वयंपाकघराला कुलूप होतं. मग हे पोट तरी आपलंच आहे ना? त्यांनी हळूच डॉक्टरांना विचारलं की पडद्यावर आधीच्या पेशंटचं चित्र राहिलं असण्याची शक्यता आहे का.

सुरुचीबाईंना त्यांची दया आली. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "काका, खाल्लं का ते राहू दे. उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, तेवढं सांगा."

"काही नाही. दात घासले. मग गोळी घेतली."

"पाण्याबरोबर?"

"शिऱ्याबरोबर."

आनंदीबाईंनी डोळे पुसले आणि डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, "रिकाम्या पोटी गोळी बाधते हो. म्हणून वाटीभर शिरा दिला, साजूक तुपातला. तो गोळीचा होता."

"काकू, वाटीभर?"

"गोळी जरा मोठी आहे."

पुढचं मग आपसूकच बाहेर आलं. रिक्षात बसायला जाण्याआधी आनंदीबाईंनी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, ती शुभकार्याला निघताना ठेवतातच. दाराशी शेजारच्या विजयमालाबाई सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन उभ्या होत्या, आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी द्रोण भरून दिला होता. यातलं काहीही आगाश्यांच्या घरी खाणं या सदरात मोडत नव्हतं. खाणं म्हणजे पाटपाणी झाल्यावर ताटात वाढतात ते. हे सगळं सांगताना आनंदीबाईंचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि शेवटी बंद पडला. एवढा पहारा करून चोरी झाली होती, आणि केली होती पहारेकऱ्यानेच.

सुरुचीबाई म्हणाल्या, आज भूल देता येणार नाही, उद्या सकाळी बघू, आता घरी जाऊन आराम करा. सलिलने गाडीची किल्ली काढली. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस टुणकन उठून चपला घालणार, पुन्हा काही वर्षं सापडणार नाही.

गोपाळकृष्ण हलले नाहीत. "मी इथेच राहतो," ते म्हणाले. "घरी मला उपाशी ठेवणारं कोणी नाही. आणि डॉक्टर, उद्या सकाळपर्यंत हिला वर सोडू नका." ऑपरेशनची भीती त्यांना अजूनही होती, पण उद्या सगळ्यांसमोर रिकामं पोट दाखवल्याशिवाय ते आता जागचे हलणार नव्हते. आनंदीबाई फाइल उचलून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळकृष्ण कोणी न सांगता उजव्या कुशीवर वळून तयार होते. बायको-मुलाला बोलावल्याशिवाय यंत्र लावू द्यायला ते तयार नव्हते. दोघं आले. सुरुचीबाईंनी यंत्र फिरवलं आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "एकदम रिकामं. छान."

सलिलने अंगठा दाखवला. गोपाळकृष्णांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, आता तरी पटलं ना, अशा थाटात. आनंदीबाई पडद्याजवळ गेल्या, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि त्यांना हुंदका आवरेना.

"छान काय त्यात, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून यांच्या पोटाची अशी दशा मी एक दिवसही होऊ दिली नव्हती."

गोपाळकृष्णांना आत नेलं तेव्हा ते चक्क हसत होते. भूल द्यायची ती आनंदीबाईंना द्यावी की काय, अशी परिस्थिती होती.