दोन टकटक

महिन्याभरात आपण अशी छाप पाडू की लॉन्ड्रीतली माणसं जुन्या साहेबांचं नावसुद्धा काढणार नाहीत, असं ताईंनी जेवता जेवता घरात जाहीर करून टाकलं.

ताई नऊ वर्षं त्या लॉन्ड्रीच्या मोजणीच्या खोलीत होत्या. हॉस्पिटलांच्या चादरी किती आल्या आणि किती गेल्या, हे काचेआड बसून मोजायचं. आता सुपरवायझर साहेब निवृत्त झाले आणि मालकांनी ताईंना महिनाभर त्या जागी बसवून बघायचं ठरवलं. जमलं तर कायम, नाही तर परत काचेआड.

"पण तू तर बोलत सुटतेस," नवरा म्हणाला. "साहेब लोक मोजकं बोलतात."

हे ताईंच्या मनाला लागलं. त्यांचा स्वभाव म्हणजे शंका आली की विचारायचं आणि चुकलं की कबूल करून मोकळं व्हायचं. असा साहेब कुणी पाहिलाय? तेव्हा आपला स्वभाव घरी ठेवायचा आणि जुन्या साहेबांचा उचलायचा, असा बेत ठरला. साहेबांना त्यांनी काचेतून रोज बघितलं होतं. एक हात पाठीमागे, चेहरा मख्ख, तोंडातून अक्षर नाही. दुसऱ्या हातातल्या किल्ल्या मशीनच्या लोखंडी चौकटीवर वाजवत फिरायचे, आवाज काचेआड पोहोचत नसे, पण माणसं झटक्यात कामाला लागायची. काय तो रुबाब!

ताईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सराव केला. एकदा वाजवलं तर भित्रं वाटतं. तीनदा वाजवलं तर दारात पोस्टमन आल्यासारखं वाटतं. दोनदा झकास.

सोमवारी नेमकं नवीन हॉस्पिटल आलं. चारशे चादरी, पहिलीच खेप, दुपारी चारला गाडी. मालक जाता जाता म्हणाले, "आजचं काम नीट झालं तर महिनाभर कशाला थांबायचं?"

ताईंनी किल्ल्या घेतल्या आणि पाठीमागे हात टाकून निघाल्या. पहिल्या मशीनपाशी धुलाईचे काका स्वच्छ चादरी बाहेर काढत होते. ताईंनी टक टक केलं. काकांनी ताईंकडे पाहिलं, चादरींकडे पाहिलं आणि सगळ्या चादरी परत मशीनमध्ये कोंबल्या. ताई मनातून खूश. एक शब्द न बोलता माणूस कसा हलला! दुसऱ्या मशीनवर टक टक, तिसऱ्यावर टक टक. पुढे इस्त्रीवाल्या मावशींनी घड्यांची थप्पी रचली होती. तिथेही टक टक. मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी थप्पी उचलली, ट्रॉलीत टाकली आणि ट्रॉली उलट्या दिशेने ढकलत नेली. कुठे नेली, हे विचारायची ताईंना फार इच्छा झाली, पण साहेब विचारत नसत.

बारा वाजले तरी तयार माल ठेवायच्या रॅकवर एकही चादर आली नव्हती. माणसं ढिली पडली असं वाटून ताईंनी फेऱ्या वाढवल्या.

दीडला रॅक अजून रिकामा होता. ताईंना काचेआडची खुर्ची डोळ्यांसमोर दिसायला लागली. साहेबांनी आता काय केलं असतं? ताईंनी किल्ल्या उचलल्या, तेवढ्यात मावशी खालीच बसल्या.

"माझ्या हाताला काय खोट आहे ते एकदा सांगून टाका बाई. पंचवीस वर्षांत माझा माल इतक्यांदा कुणी परत पाठवला नाही."

"मी कुठे परत पाठवला?"

काकांनी सगळी मशीनं बंद केली. "एक टकटक म्हणजे पुढे जाऊ दे. दोन म्हणजे परत धुवा. तीन म्हणजे सगळं बंद. या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून साहेबांनी ठरवलेलं. तुम्ही सकाळपासून दोनच वाजवताय."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मग मला विचारलं का नाही कुणी?"

"साहेबांना विचारायची पद्धत नव्हती."

सकाळपासून मिटलेलं ताईंचं तोंड आता उघडलं. "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. साहेब रुबाबासाठी वाजवतात असं वाटलं मला. चूक माझी, मावशी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. आता चारपर्यंत हे कसं निभवायचं, ते मात्र तुम्हीच सांगा."

मशीनं बंद होती, त्यामुळे हे भाषण कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. काकांना आधी हसू आलं. मग डोळे पुसता पुसता मावशीही हसल्या.

"धुवायचं काही उरलेलं नाही, तीन तीनदा झालंय," काका म्हणाले. "आमची धुलाईची माणसं घड्यांना घ्या."

"दोघं दोघं समोरासमोर उभे राहा," मावशी उठल्या. "मी नुसती इस्त्री ओढत जाते. वेळ निम्मा लागेल."

"हे आधी कधी सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

ताईंनी किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि स्वतः घड्या घालायला उभ्या राहिल्या. दिवसभर दुसऱ्याचा चेहरा लावून त्यांचे गाल दुखत होते. आता बोलायला मिळालं तसं त्यांना खूप हायसं वाटलं. गाडी चार वाजून पाच मिनिटांनी सुटली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. "हॉस्पिटलवाले म्हणतात, इतक्या पांढऱ्या चादरी जन्मात पाहिल्या नाहीत. काय जादू केलीत?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. ताईंनी मान डोलावूनही पाहिली, पण ती डोलेना. मग त्यांनी टकटकीपासून घड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"लॉन्ड्रीतली चूक मला आजवर सहा महिन्यांनी कळायची, तीही बाहेरून," मालक म्हणाले. "तुमच्याकडून दुसऱ्या दिवशी कळली. तुम्ही आजपासून कायम."

ताईंचे डोळे भरून आले. आभाराचं मोठं भाषण त्यांच्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात मालकांनी फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"आता हॉस्पिटलला फोन लावा आणि सांगा, उद्यापासून चादरी इतक्या पांढऱ्या येणार नाहीत."