मुरुडवाले, उतरून घ्या

थांबा, हातातलं काम ठेवा. हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर मला जेवण जाणार नाही. आमच्या शेजारचे मारोती काका भेटलेल्या माणसाला "जेवलात का" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "कुठं मरायचं ठरिवलंय?"

खरंच सांगते. लग्नाच्या पंगतीत विचारतात. दाढी करणाऱ्या न्हाव्याला विचारतात, तेही वस्तरा काकांच्या गळ्यावर असताना.

काका एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन लातूरजवळच्या आमच्या मुरुडला आले, तिकिटाचं मशीन जमा केलं, पण कोण कुठं उतरणार ते आधीच माहीत पाहिजे ही सवय काही जमा झाली नाही. "मधीच उतरिवलं की माणूस लई भांडतंय," म्हणतात. आणि सगळ्यांचं पाठ. "सोपानरावाला दवाखान्यातच पायजे. तिथं एसी हाय, अन् सुनंचं तोंड बघावं लागत न्हाई. मथुराबाईला चुलीपुढं."

मथुराबाईंना तर त्यांनी दवाखान्यातून घरी आणलंसुद्धा. डॉक्टर म्हणाले घरी न्या, काकांनी जीप ठरवली, चुलीपुढं घोंगडी टाकून निजवलं. पाहुणे जमले, लेकी रडू लागल्या. तेवढ्यात धुरानं मथुराबाईंना ठसका लागला. डोळे उघडून म्हणाल्या, "चहात एवढी साखर कोण घालायलंय?" याला तीन वर्षं झाली. अजून काका दिसले की ओरडतात, "मुडद्या, इथवर आणलंस, आता न्हे की पुढं." काका म्हणतात, "तुमचं तिकीट इथवरच हाय, मावशी."

मला या सगळ्याचं लई हसू यायचं. मग आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, लातूरला आयसीयूत गेले.

अकरा दिवस. नाकात नळी, हाताला पट्ट्या, भेटायला पाच मिनिटं. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, म्हणजे तात्यांना, बाजूला घेऊन सांगितलं, आता इथं ठेवून काही होणार नाही, तुम्ही ठरवा. तात्यांना ठरवताच येईना. "घरी न्यावं तर गाव म्हणंल, बापाला दवाखान्यातून काढून आणलं." बाकड्यावर बसून दिवसभर हेच एक वाक्य.

काका डबा घेऊन आले. "आधी जेव, तात्या. गावाला म्हणायला काय लागतंय. आबानं मला पोळ्याच्या दिशी सांगून ठिवलंय. लिंबाखाली, बैलाच्या दावणीपाशी."

"मला कधी बोलले नाहीत," तात्या म्हणाले.

"तू इचारलं का?"

तात्या भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच रडले. मग हात धुतले आणि आत जाऊन घरी न्यायच्या कागदावर सही केली.

ॲम्ब्युलन्समध्ये काका आबांच्या उशाशी, मी पायाशी. आबांचे डोळे मिटलेले. गाडी लातूरच्या बाहेर पडली आणि काका सुरू झाले. "कारखाना फाटा. फाटा हाय का कुणी?" ड्रायव्हर आधी हसला, मग त्यानं गाडी हळू घेतली. "नाका गेला, आबा. ऊस तोडायलेत बघ. आता थोडंच ऱ्हायलंय." आणि गावात शिरताना त्यांनी तो जुना, एसटीतला आवाज काढला. "मुरुड. मुरुडवाले, उतरून घ्या."

आबांचा हात हळूहळू डोक्याकडं गेला. टोपी चाचपत होते. उतरायच्या आधी आबा टोपी नीट करायचेच.

अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर ते दीड दिवस होते. चमचाभर चहा घेतला. बैलाकडं बघितलं. तात्यांचा हात धरूनच गेले. गावानं काय म्हटलं, ते तात्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

तेरावं झाल्यावर काका आमच्या ओसरीवर चहा पीत बसले होते. मी आपलं सहज विचारलं, "काका, तुम्ही कुठं ठरवलंय?"

कप ओठाजवळच थांबला. काकू जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा पुण्याला. अख्ख्या गावाला विचारून झालेलं, पण यांना आजवर कुणीच विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा.

"मी दवाखान्यातच, पोरी," काका म्हणाले. "घरी कोण हाय? तिथं दर दोन घंट्याला कुणीतरी येतंय. नाव घेऊन हाक मारतंय. हात धरून नाडी बघतंय."

तात्या आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी काकांचा कप परत भरला. म्हणाले, "लिंबाखाली आबाची बाज रिकामी हाय, मारोती."

काकांनी चहा संपवला. उठून लिंबाखाली गेले, खिशातली दस्ती काढली, झटकली, आणि खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तशी बाजेवर टाकली. मग घरी गेले. दस्ती अजून तिथंच आहे, आम्ही कुणी उचलत नाही.

तुमच्यात कुणी कुणाला असं विचारलंय का हो कधी? आणि तुम्हाला?