अक्का मुद्दाम हरल्या

खेळाडू खरंच हरतोय की मुद्दाम, हे मी सोफ्यावर बसल्या बसल्या ओळखतो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचाच पगार घेतो मी, नजर तयार झाली आहे.

बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत बायकांच्या बास्केटबॉलमध्ये सहा वर्षं ए विंगच जिंकत होती. कॅप्टन वसुमती अक्का, वय छप्पन्न, घराणं तीनशे वर्षं कर्नाटकात, त्यामुळे मराठीत कानडी मिसळलेलं. यंदा तीन सामन्यांची फायनल होती. ए विंगने पहिला सामना तीस गुणांनी जिंकला आणि पुढचे दोन्ही घालवले. बी विंग चॅम्पियन!

सोसायटीत कुजबुज सुरू झाली, मला तर लगेच वास आला. अक्कांचे नऊ फ्री थ्रो हुकले होते. एवढा नेम तर त्या लग्नात अक्षता टाकतानाही चुकवत नाहीत. मी मोबाईलवरचं चित्रण चार वेळा तपासलं आणि रविवारी सकाळी क्लबहाऊसच्या पडद्यावर लावलं. चाळीस माणसं जमली.

"पण त्या मुद्दाम कशाला हरतील?" सेक्रेटरी दयानंद म्हणाले.

"दया आली असणार. बी विंगचा खेळ बघितलाय ना तुम्ही?"

तिसऱ्या रांगेत माझी बायको नीलिमा बसली होती. बी विंगची कॅप्टन. करंडक मांडीवर.

"तीन महिने पहाटे उठून सराव केलाय मी," ती शांतपणे म्हणाली. "तू घोरत होतास."

"तुझं नाही गं, बाकीच्यांचं म्हणतोय," मी सावरून घेतलं. तशा बाकीच्या चौघीही माझ्याकडे वळल्या.

अक्का उठल्या. "स्वल्प थांबा. मुद्दाम हरलो म्हणता? सरी, चालेल. आत्ता परत खेळू."

अकराच्या उन्हात सामना झाला. बी विंगने बावीस गुणांनी जिंकला. अक्का बाकावर बसून गुडघा चोळत होत्या. मी पाणी घेऊन गेलो.

"पहिल्या सामन्यातच गुडघा गेलाय रे माझा," त्या हळूच म्हणाल्या. "मुद्दाम हरले म्हणत होते लोक, तेवढीच अब्रू राहिली होती. तू कशाला आणलंस हे पडद्यावर?"

मला खरंच वाईट वाटलं.

घरी नीलिमाने करंडक टेबलावर ठेवला. "पटलं आता?"

"पटलं," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं. "पण ऊन फार होतं गं, आणि अक्कांचं वय..."

हे मी लिफ्टसमोरच्या पायरीवर बसून लिहितोय. घराचं दार आतून बंद आहे. ए विंगमध्ये जेवायला जावं, तर तिथेही आता मला कोणी घरात घेणार नाही.