काळ्या बोटांची तपासणी आणि उलव्याच्या गच्चीची फत्ते

श्रीगजानन प्रसन्न. लेखनास कारण की, प्रांत पनवेल, मौजे उलवे, येथील सातमजली सोसायटीत जो रणसंग्राम जाहला त्याची हकिकत लोक तिखटमीठ लावून भलतीच सांगतात, सबब आम्ही दुसऱ्या मजल्याचे रहिवासी, पाहिले तैसे लिहितो. ज्यास पटत नसेल त्याने लिफ्टपाशी येऊन भांडावे.

गव्हाणच्या भामाबाई घरत यांचे घर प्रकल्पात गेले आणि अंगणही गेले, आणि बाई चौथ्या मजल्यावर राहावयास आल्या, मग बोंबील वाळवावयास उरली ती गच्ची. त्या गच्चीस चेअरमन राजेश्री रमेशराव यांनी पाच वर्षे कुलूप ठोकून किल्ली कमरेस लाविली होती. मासळीचा वास येतो हे निमित्त. खरे तर किल्ली खुळखुळली की स्वारीस बरे वाटे. मग बाईंनी चेअरमनकीस अर्ज भरिला आणि सांगून पाठविले, "आमचा आंगान गेला. आता गच्ची पन जाऊ द्याची नाय." आणि विजय गृहीत धरून उरणाहून चार टोपल्या बोंबीलही मागविले. काय हा आत्मविश्वास!

मतदानाचे दिवशी शाई कोठे मिळेना, तेव्हा रमेशरावांनी आपल्या केसांचा उरलासुरला कलप काढून दिला आणि फर्माविले की, बोटास कलप लागल्यावाचून मतपत्रिका कोणासही देऊ नये. निकाल लागला: रमेशराव एकवीस, भामाबाई वीस. मतदानास आले चाळीस असामी, मते निघाली एक्केचाळीस. एकच कल्लोळ जाहला.

तिसऱ्या मजल्याचे निनाद वकील यांनी वही तपासली, तो मस्कतवासी मालकाच्या नावापुढे मतदानाची खूण. वकिलांनी मसलत दिली की दोन महिन्यांच्या आत सहकार न्यायालयात दावा गुदरावा, पण तारखा पडत राहतील. आणि टोपल्या तर रविवारी येणार. बोंबलास स्थगिती मिळत नाही. मग पार्किंगमध्ये बोटांची झडती घेण्याचा हुकूम सुटला.

सर्वांचे एकेक बोट काळे, आणि रमेशरावांचा हात खिशात. तो बाहेर काढविला, तो दोन बोटे काळी! गृहस्थ नियमाचे इतके पक्के की लबाडीचे मत टाकतानाही दुसऱ्या बोटास कलप लाविला. आम्हांस तर गहिवरून आले. रमेशराव म्हणाले की, सकाळी केस रंगविले, त्याचा हा डाग. मग बाईंच्या आज्ञेने टोपी उतरविली, तो खाली पांढरेशुभ्र रान. कलप तर सगळा रयतेच्या बोटांवर खर्ची पडलेला.

दाव्याच्या धाकाने रमेशरावांनी फेरमतदान कबूल केले. बाकी सर्वांची मते ठाम, म्हणजे वीसास वीस. बाईंचे तोंड उतरले. तोच निनाद वकिलांनी कागद काढिले, तो रमेशरावांचा फ्लॅट मुद्रांक शुल्क वाचविण्यास एकट्या पत्नीच्या, रमाबाईंच्या, नावे घेतलेला. म्हणजे मत रमाबाईंचे, आणि हे गृहस्थ सभासदही नव्हेत! उमेदवारीही बादच व्हावयाची, पण बाईंस विजय मतांनीच हवा होता. रमाबाई पेटीपाशी आल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाच वर्षं हॉलमध्ये पंख्याखाली कुरडया वाळवतेय मी."

आणि चिठ्ठी टाकिली. भामाबाई एकवीस, रमेशराव एकोणीस.

रविवारी चार टोपल्या गच्चीवर चढल्या. पूर्वेस दोरीवर बोंबील, पश्चिमेस लुगड्यावर कुरडया, आणि मध्ये खुर्ची टाकून, टोपी घालून, हाती काठी घेऊन माजी चेअरमन रमेशराव कावळे हाकण्याचे कामी रुजू जाहले. किल्ली खिळ्यास टांगिली आहे. ज्यास हवी त्याने घ्यावी. गच्ची फत्ते जाहली, हे नमूद असावे.