मास्तरांची चौतीस इंची कंबर

बायकोला जाऊन दोन महिने झाले, त्या दिवशी टेलरमास्तरांना कळलं की तिच्याबरोबर आपली चौतीस इंची कंबरही गेली.

दवाखान्यात साठीपुढच्या माणसांची दरवर्षी तपासणी व्हायची. कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि दोन तऱ्हेची चरबी. पाचांतल्या तीन गोष्टी बिघडल्या की धोका. मास्तरांची साखर आणि रक्तदाब आधीच चढलेले. कंबर मात्र दहा वर्षं चौतीस. परक्याने टेप लावलेला मास्तरांना खपत नसे, म्हणून बायको घरी मोजून आकडा कागदावर लिहून द्यायची. यंदा नर्सने टेप लावला.

"सदतीस."

"ताई, टेप बदला. आखडलाय तो."

मास्तरांनी गळ्यातला स्वतःचा टेप लावला. सदतीस.

"झाल्या तीन," सोबत आलेला मुलगा म्हणाला. "बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. एकटं राहायचं नाही."

"दुकानाचं नाव काढू नकोस. तीन महिने दे."

"नाही जमलं तर?"

"तर येतो. माझी मशीन तुझ्या हॉलमध्ये, खिडकीपाशी."

मुलगा जरा चरकला, पण कबूल झाला.

मास्तर घरी आले. अंगावरची पँट त्यांनीच चौतीसची कापलेली, आणि ती तर नीट बसत होती! त्यांनी ती उलटी केली. कापायचं काम त्यांचं, मागची शिलाई बायकोची. आतल्या जादा कापडावर सुईच्या जुन्या भोकांच्या सहा ओळी होत्या. दीड-दोन वर्षांनी एकदा बाईंनी गुपचूप उसवून अर्धा इंच सोडला होता, आणि कागदावर चौतीस लिहिलं होतं.

"दहा वर्षं फसवलंस होय गं!" मास्तर पँटला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते इरेला पेटले. चहातली साखर बंद केली. मशीनची मोटर काढून पाय मारायला लागले. कपडे गिऱ्हाइकांच्या घरी चालत पोचवू लागले. गिऱ्हाइकं खूश झाली आणि गोड घेऊन पुढे आली. मास्तर कपडे दारातच टाकून पळत. तिघांनी मुलाला फोन केला, "तुझ्या बाबांचं काही बिनसलंय का?"

मुलगा धावत आला. "लोक काय म्हणतायत?"

"त्यांना म्हणावं, गोड देऊ नका. मी उंबऱ्याच्या आत येईन."

तीन महिने संपले.

"हात वर करा," नर्स म्हणाली.

"एकच करतो."

"दोन्ही, मास्तर."

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. खिशात कात्री होती, किल्ल्या होत्या. पँट सरळ घोट्यांवर आली. नर्सने शांतपणे टेप लावला. "छत्तीस."

"म्हणजे दुकान गेलं?" मास्तरांनी विचारलं.

"कंबर अजून जास्तच आहे. पण साखर उतरली, रक्तदाबही. पाचांतली एकच उरली. वाढतं तसं उतरतंही, मास्तर. धरून ठेवलं पाहिजे."

"पँट पण," मुलगा म्हणाला आणि वाकून ती वर ओढू लागला. "राहा तुमच्या घरी. पण ही आजच आत घ्या."

"घेतो."

याला पंधरा दिवस झाले. मास्तर पँटला नाडी बांधून दुकानात जातात. बायकोच्या हातची शेवटची शिलाई उसवायची अजून राहिली आहे.