केरोबा अस्वलाची घरची ब्लूबेरी

पोरांनो, नाकं पुसा आणि नीट बसा. एका जंगलात, जिथं जांभळं पायाखाली चिरडून वाया जात, तिथं केरोबा नावाचं अस्वल राहत होतं. पोट मोठं, डोकं बेताचं. म्हणजे अगदी तुमच्या वडिलांसारखं.

केरोबाच्या दारात जांभळाचं झाड होतं. केरोबा, त्याची बायको सोनाई आणि मुलगी ठकी, तिघंही त्याच झाडावर पोसलेली.

ठकी लग्नाची झाली. वरच्या डोंगरावरच्या धुळोजीरावांच्या मुलाचं स्थळ आलं. घराणं बडं. "जांभळं पिकतील त्या सुमारास मुलगी बघायला येतो," असा त्यांचा निरोप आला. केरोबाला घोर लागला. एवढ्या मोठ्या लोकांपुढे ठेवायचं काय?

"जांभळं ठेवू की," सोनाई म्हणाली.

"अगं, जांभळं डुकरंसुद्धा खातात. पाहुणे तोंडावर हसतील आणि पोर घरात राहील."

जंगलात गोप्या नावाचं एक वानर होतं. ते टुरिस्टांच्या बंगल्याच्या खिडकीत बसून त्यांचे मोबाइल बघायचं. त्यामुळे त्याला सगळं कळायचं. त्यानं केरोबाच्या पंज्यावर एक सुकलेलं निळं फळ ठेवलं.

"ब्लूबेरी. बडे लोक हीच खातात. घरच्या घरी बियांपासून येते. व्हिडिओतली बाई तर हसत हसत लावते."

"तू लावलीस?"

"मी मार्गदर्शन करतो," गोप्या म्हणाला.

फळ पाण्यात कुस्करलं. खसखशीएवढ्या बिया निघाल्या. गोप्या म्हणाला, यांना ओल्या फडक्यात गुंडाळून थंडाव्यात झोपवायचं, तेव्हाच त्या जाग्या होतात. जंगलात थंड जागा एकच, झऱ्याची कपार. केरोबानं फडकं तिथं ठेवलं आणि स्वतः वाटेवर आडवा बसला.

"अहो, पाणी भरायचंय," सोनाई म्हणाली.

"हळू बोल. बिया झोपल्यात."

"आणि आम्ही प्यायचं काय?"

"एवढा त्याग तर करावाच लागतो," केरोबा म्हणाला. तो स्वतः अंधार पडल्यावर गुपचूप पिऊन घ्यायचा.

मग गोप्या म्हणाला, माती आंबट लागते. केरोबा दिवसभर चिंचा चावून फुटक्या मडक्यात थुंकत बसला. दात आंबले, जीभ सोलली, पण मातीत एक हिरवा केस उगवला. पुढे त्या केसाला दोन पानं फुटली. मुंगीनं टोपी म्हणून घातली असती एवढीच. केरोबानं त्याला नमस्कार केला.

"आता याला दिवसभर ऊन हवं," गोप्या म्हणाला, "आणि तुझ्या दारात तर सावली."

"मडकं उचलून उन्हात ठेवा," सोनाई म्हणाली. "चार पावलांवर ऊन आहे."

केरोबानं तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "चार पावलांवर ठेवली तर ती घरची कशी राहील? पाहुण्यांना दारातच दिसली पाहिजे."

आणि त्यानं रानडुकरं बोलावून जांभळाची मुळं उकरून घेतली. झाड पडलं. कच्ची जांभळं उतारावरून गडगडत गेली. ठकी दोन पंज्यांत मावतील तेवढी घेऊन आली, तर बापानं ती फेकून दिली. घरात जांभूळ दिसायला नको.

जांभळांचा सुमार साधून धुळोजीराव मुलाला घेऊन आले. धुळोजीरावांची बरगडी न् बरगडी दिसत होती. केरोबा मनात म्हणाला, बडे लोक असेच सडपातळ असतात.

धुळोजीरावांनी आधी वर बघितलं. वर नुसतं आभाळ.

"इथं एक जांभूळ होतं ना?"

"होतं. काढलं. ब्लूबेरीच्या आड येत होतं."

धुळोजीरावांनी मान खाली घेतली. "बरं केलंत. आम्हीही आमची दोन्ही झाडं काढली. ब्लूबेरीसाठीच."

"मग? आली का?"

"यायची आहे," धुळोजीराव म्हणाले आणि त्यांनी पोटावर पंजा दाबला.

आता रीत अशी, की मुलीनं खाणं घेऊन पाहुण्यांपुढे यायचं. घरात दुसरं काही नव्हतंच. ठकीनं मडकंच आणून नवऱ्या मुलापुढे ठेवलं. "घ्या," ती म्हणाली. बोलण्यात लाज कमी आणि राग जास्त होता.

मुलानं ठकीकडे बघितलंच नाही. त्यानं मडक्यात तोंड घातलं आणि रोप, मुळं, वर मूठभर माती, सगळं चावून गिळलं.

केरोबाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रोप गेलं, झाड गेलं, आता स्थळही जाणार.

मुलानं मडकं चाटलं. "आणखी आहे का?"

धुळोजीराव उठून उभे राहिले. "ऐकलंत? याला म्हणतात घरची ब्लूबेरी. आमच्या मुलानं आजवर कुठेही दुसऱ्यांदा मागितलेलं नाही." ते खरंच होतं. डोंगरावर पहिल्यांदा मिळायचीच मारामार होती.

लग्न ठरलं. दोन्ही व्याह्यांनी उपाशीपोटी एकमेकांना मिठी मारली. गोप्याचा सत्कार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून जंगलभर जांभळं पाडायला रानडुकरं पुरेनात. केरोबाच्या पोटात काहीतरी गुरगुरत होतं. तो आनंदच असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

तात्पर्य, पोरांनो, पाटीवर लिहून घ्या: फळ येईपर्यंत वाट बघत बसणारा अडाणी. शहाण्यानं रोप कोवळं असतानाच पाहुण्याला खाऊ घालावं, आणि पाहुणा उपाशी आहे ना, तेवढं बघून घ्यावं.