स्ट्रूअनचं तळ्यात-मळ्यात

एफी गेडिसने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार वाजले होते. समोर स्ट्रूअन मोवॅट काचेच्या कपाटातल्या स्कोनकडे, म्हणजे छोट्या गोल पावांकडे, टक लावून बसला होता आणि चहाघराच्या मालकीण पेगीबाई पाच मिनिटं पेन्सिल घेऊन तशाच उभ्या होत्या.

"मनुकांचा देऊ का चीजचा?"

"तसं बघायला गेलं तर मनुकांचा," स्ट्रूअन म्हणाला, "पण चीजचाही गरम दिसतोय."

आमच्या क्रेल गावात याला 'स्विदर' करणं म्हणतात. धड हो नाही, धड नाही नाही, मन आपलं तळ्यात-मळ्यात. तसे सगळेच कधी ना कधी स्विदर करतात, पण स्ट्रूअनने त्यात हयात घालवली होती. त्याची होडी एका बाजूने निळी होती, दुसऱ्या बाजूने हिरवी. आणि एफीबरोबर तो गेली नऊ वर्षं नुसताच फिरत होता.

आज एकोणतीस फेब्रुवारी. या दिवशी बाईने पुरुषाला लग्नाचं विचारायचं, ही जुनी रीत. आज हुकलं की थेट चार वर्षांनी. आणि कॅनडातल्या बहिणीला 'मी कायमची तिकडे येते' की 'येत नाही', हे एफीला संध्याकाळी सहाला कळवायचं होतं. स्कोन खाता खाता हळूच विचारावं, असा तिचा बेत होता. पण स्कोन यायला तर हवा!

"दोन्ही द्या हो!" एफी वैतागली.

दोन्ही आले. मग आधी कुठला खावा, यावर गाडं अडलं. तेवढ्यात सहलीची बस थांबली आणि वीस माणसं आत घुसली. जागा नव्हती, म्हणून पेगीबाईंनी दोन आजीबाईंना यांच्याच टेबलाशी आणून बसवलं.

"आधी गोड खा बाबा," पहिली म्हणाली.

"छे छे, गोड नेहमी शेवटी!" दुसरी म्हणाली.

बघता बघता बसमधून आलेल्या सगळ्यांत दोन तट पडले आणि हा कल्ला सुरू झाला. एफी पुढे वाकून म्हणाली, "स्ट्रूअन, लग्न करतोस का माझ्याशी?"

"काय? जरा मोठ्याने बोल!"

ती उठून उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "लग्न करतोस का माझ्याशी? हो की नाही?" नेमकं त्याच क्षणी चहाघर चिडीचूप झालं होतं.

एफीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"झालं! आता हा बसतोय उन्हाळ्यापर्यंत," पेगीबाई पुटपुटल्या.

"हो," स्ट्रूअन म्हणाला.

एफीच घाबरली. "अरे, नीट विचार केलास का?"

"नऊ वर्षं दुसरं काय करतोय?"

"मग विचारलं का नाहीस रे, मेल्या?"

"बंदरावर विचारावं की चर्चच्या दारात, तेच ठरेना."

एफी रडायला लागली, हसायलाही लागली. आजीबाईंनी दोन्ही बाजूंनी रुमाल पुढे केले.

"ताईला आत्ताच सांगते, मी येत नाही, तूच लग्नाला इकडे ये," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तिला तिकीट काढायला हवं. स्ट्रूअन, एप्रिलमध्ये करायचं की जूनमध्ये?"

स्ट्रूअन विचारात पडला.

"एफी!" अख्खं चहाघर ओरडलं, "एकच महिना सांग गं त्याला!"